अजयच्या नावाचं पान

वैशाखऱ्यातून माळशेजकडे निघालात की डाव्या हाताला माझं हॉटेल लागतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भिंतीवर माझ्या बायकोने, रेश्माने, हट्टाने घेतलेला मोठा टीव्ही. पावसाळ्यात घाटात भिजायला येणारे लोक भजी खाऊन जातात. उरलेलं वर्षभर आपलीच माणसं एका चहावर दोन तास काढतात. टीव्ही लावायचा तो क्रिकेटसाठी, असा माझा नियम होता. तो नियम जानीबायने मोडला.

जानीबाय ओढ्यापलीकडच्या वाडीतली. कातकऱ्यांची वीस-पंचवीस घरं तिथे आहेत, शेती कुणालाच नाही. माझं लग्न व्हायच्या आधीपासून ती आमच्या लावणीला येते. वय पन्नाशीच्या आसपास असेल, नक्की तिलाही ठाऊक नाही. हाताला वेगवान, पण तोंडाला त्याहून. म्हणजे भांडकुदळ नव्हे, तिला प्रश्न पडतात. लावणी करता करता विचारील, "अनिल शेट, बियाण्याला हा गुलाबी रंग कशापायी लावतात? उंदराला दिसावं म्हणून का दिसू नये म्हणून?" एकदा हॉटेलात आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांना तिने सरळ विचारलं होतं, "तुमच्याकडं पाऊस पडत नाय का, म्हणून हितं भिजायला येता?" पाहुणे हसले. जानीबाय हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

तिचा धाकटा मुलगा अजय. आश्रमशाळेत होता, तिथल्या सरांनी त्याला गोलात उभं केलं, कारण अंगावर फेकलेलं काहीही तो झेलायचा, मग तो चेंडू असो नाहीतर खडू. तिथून क्रीडा वसतिगृह, तिथून उल्हास एफसी नावाच्या क्लबची लहान टीम, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच क्लबची मोठी टीम. ही टीम देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळते. बातमी आली तेव्हा नाक्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर अजयपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते, पण ते असो. वाडीतलं पोरगं टीव्हीवर दिसणार, ही गोष्ट आमच्याकडे लहान नव्हती.

फक्त एकच माणूस खूश नव्हता, तो म्हणजे अजयचा बाप, बारक्या. त्याचं कारण समजायचं तर वाडीची मासेमारी समजली पाहिजे.

वैशाखात काळू नदी आटते आणि जागोजागी डोह उरतात. एक दिवस ठरवून सगळी वाडी मोठ्या डोहावर जाते. डोहातून बारीक धार जिथून बाहेर पडते, तिथे दगड-माती लावून तोंड अरुंद करतात. मग बायका-पोरं डोहात उतरून पाणी गढूळ करतात, काठ्या आपटतात, आरडाओरडा करतात. मासे घाबरून तोंडाकडे पळतात. तोंडावर बांबूची मोठी टोपली लावून बारक्या बसलेला असतो. त्याच्या हाताची वाडीत ख्याती आहे. मोठा मासा टोपलीवरून उडी मारून निसटायला लागला तर हा गडी टोपली सोडून अख्खा झेपावतो, कधी कधी नाकातोंडात पाणी जाईस्तोवर. आणि त्याच्या मागे, धारेच्या खालच्या अंगाला हातभर अंतरावर, दुसरी टोपली धरून जानीबाय बसते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची ती जागा आहे. बहुतेक वेळा तिच्या टोपलीत पालापाचोळाच येतो. ती बसल्या बसल्या वरच्या लोकांना प्रश्न विचारत असते.

मासेमारी झाली की वाटे पडतात. हे काम बारक्याचंच. पळसाची पानं ओळीने मांडायची, प्रत्येक पानावर सारखे मासे टाकायचे, आणि एकेक पान उचलताना मोठ्याने नाव आणि काम सांगायचं. "सोमा, काठी." "बुधी, पाणी ढवळलं." "जानी, मागची टोपली." गावाबाहेर कामाला गेलेल्यालाही पान असतं. "लक्षा, भट्टीवर इटा." त्याचे मासे धुरावर सुकवून ठेवतात, तो परतला की खातो. म्हातारे, आजारी, पोटुशी बाई, सगळ्यांना पान. पान नाही ते फक्त बसून खाणाऱ्याला. मी दरवर्षी तिथे जातो, कारण मासे ताजे असतात आणि मला आवडतात.

गेल्या वर्षीच्या वैशाखात बारक्याने नावं घेत घेत एक पान हातात धरलं आणि तो थांबला. म्हणाला, "अजय. काम काय?"

कोणीतरी ओरडलं, "फुटबॉल खेळतंय."

"खेळतंय?" बारक्या म्हणाला. "वरीसभर पोरांच्या मोबाइलवर बघितलं. येकदा पण खेळताना दिसला नाय. कडेला बसलेला असतोय. त्याचं काम सांगा, पान मांडतो."

कोणालाच सांगता येईना. जीपवाला जगदीश तिथे होता, त्याने सांगितलं, "अरे तो राखीव गोलकीपर आहे."

"ते नाव झालं. काम सांग."

बारक्याने ते पान परत पळसाच्या ढिगात ठेवलं. मी जानीबायकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे प्रश्न नव्हता. मला वाईट वाटलं, पण वाडीच्या वाट्यात मी कोण बोलणार? मी माझे मासे घेऊन आलो आणि त्या दिवशी मला ते गोड लागले नाहीत.

मग नवा हंगाम सुरू झाला, आणि पहिल्याच मॅचला जानीबाय माझ्या दारात. "टीवी लाव. अजय काय करतंय ते बघायचंय."

क्रिकेट चालू होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी."

आतून रेश्मा म्हणाली, "लाव की! तुझं क्रिकेट काय पळून जातंय?" आणि रिमोट तिच्याच हातात होता.

तेव्हापासून उल्हास एफसीची प्रत्येक मॅच माझ्या हॉटेलात लागली. जानीबाय बाकड्यावर कधी बसली नाही, उंबऱ्यावर पाय दुमडून बसायची. तिथून टीव्ही सरळ दिसतो, म्हणायची. जगदीश तिच्या शेजारी खुर्ची टाकून समालोचन करायचा. फुटबॉलमधलं त्याला सगळं कळतं, असं त्याला वाटतं.

पण जानीबाय फुटबॉल बघतच नव्हती. बॉल कुठे, गोल कोणाचा, याकडे तिचं लक्ष नाही. ती कॅमेरा कडेला जायची वाट बघायची. कडेला छपराखाली ओळीने बसलेली पोरं दिसली की ती पुढे सरकायची. तिसरा का चौथा अजय. दोन क्षण दिसायचा आणि जायचा. त्या दोन क्षणांवर तिचे पंधरा प्रश्न.

"त्याला येगळी बंडी कशापायी? बाकीच्यांना लाल, ह्याला केशरी. येगळं काढलंय का त्याला?"

"राखीव खेळाडू असतात ना मावशी, त्यांना तशी घालतात," जगदीश म्हणाला. "आत गेला की काढतो."

"म्हंजे बाहेर असल्याची निशाणी."

"तसंच म्हण."

मला त्या वेळी वाटलं, ही बाई आता रडते का काय. पण तिने विचारलं, "मंग तो हातात मोजे कशापायी घालून बसतोय? आत जायचंच नाय तर?"

मी पुढच्या वेळी नीट बघितलं. खरंच, मॅचभर अजयच्या हातात मोजे. बाकीचे राखीव मांडीवर हात टाकून बसलेले, हा मोजे घालून पुढे वाकलेला. त्या दिवसानंतर मी भजी तळता तळता कडेकडे बघायला लागलो. हॉटेलातले दोन-चार जणही बघायला लागले. मैदानात गोल झाला तरी कोणी ओरडत नसे, आणि कॅमेरा कडेला गेला की सगळे एकदम, "तो बघ, तो बघ!" घाटात जाणारा एखादा पाहुणा गोंधळून विचारायचा, "काय झालं?" त्याला काय सांगणार?

उल्हास एफसीची गाडी मात्र घसरत होती. दिवाळीपर्यंत टीम तळाला गेली. शेवटच्या नंबरावर राहिली तर खालच्या लीगमध्ये जाणार, असं जगदीशने समजावलं. गोलात उभा असायचा तो रेमा, मिझोरामकडचा, बुटका पण चेंडूसारखा उसळणारा. टीम हरायची, पण हरताना रेमाच वाचवायचा. जानीबायला तो आवडायला लागला. "आमच्या बारक्यासारखं उडतंय," म्हणायची.

पौषातल्या एका मॅचला रेमा पडला तो उठेना. डॉक्टर धावले. कॅमेरा कडेला गेला आणि अजय उभा! केशरी बंडी काढून बाजूला फेकलेली, तो मैदानाच्या रेषेजवळ उड्या मारत होता. माझं अख्खं हॉटेल उभं राहिलं. भट्टीवर भजी करपली तरी मला भान नव्हतं. जगदीश ओरडला, "नको उठू, बाबा, पडून राहा!"

जानीबाय वळली आणि जगदीशवर अशी चवताळली की तो खुर्चीतून उठलाच. "आईबाप नायत काय त्याला? दुसऱ्याच्या मोडल्या पायावर माझ्या पोराचं पान मांडायचं नाय मला!"

रेमा उठला. लंगडला, हात वर केला, परत गोलात गेला. अजयने बंडी उचलली, झटकली आणि घातली. मोजे तसेच. जानीबाय म्हणाली, "उठला रे." रेश्माने तिला न विचारता चहा दिला.

शिमगा झाला. वाडीतली माणसं वीटभट्टीवरून परतायला लागली आणि वैशाख जवळ आला. जानीबायची घालमेल मला दिसत होती. कामाचं नाव अजून तिच्या हाती नव्हतं. फोनवर ती अजयला विचारायची, "तू काय करतोस रे तिथं?" तो म्हणायचा, "आये, प्रॅक्टिस करतो." ती मला म्हणायची, "प्राक्टिस म्हंजे काम नव्हं ना, अनिल शेट? प्राक्टिस म्हंजे कामाची तयारी."

शेवटची मॅच नवी मुंबईत होती. अजयने तीन पास पाठवले. बरोबरी झाली तरी टीम वरच्या लीगमध्ये टिकणार होती, हरली तर नाही. बारक्या म्हणाला, "शेळ्यांकडं कोण बघंल?" आणि आला नाही. म्हणून जानीबाय, मी आणि जीप चालवायला जगदीश.

मॅच संध्याकाळी पाचची. पण वाडीतल्या माणसाला कुठेही जायचं तर पहाटे निघायचं असतं. जत्रा असो, दवाखाना असो, सरकारी कामाची रांग असो. उशीर झाला तर आपला नंबर जाणार, हे त्यांच्या रक्तात आहे. मी कितीही चिडलो तरी जानीबाय पहाटे जीपजवळ येऊन बसली. दहा वाजता आम्ही त्या भल्यामोठ्या स्टेडियमच्या बंद गेटपुढे उभे होतो. मी दिवसभर तिला बोल लावत होतो. दारं उघडली तेव्हा आत शिरलेली पहिली माणसं आम्ही तिघं.

म्हणून आम्हाला ते दिसलं. टीव्हीवर ते कधी दाखवत नाहीत.

रिकाम्या मैदानात सगळ्यांत आधी दोघेच आले, रेमा आणि अजय. रेमा गोलात उभा राहिला. अजयने त्याला बॉल मारायला सुरुवात केली. आधी हातात, मग थोडा लांब, मग खाली, मग कोपऱ्यात. एकामागून एक, न थांबता. चुकलेले बॉल अजयच धावत जाऊन आणत होता. मग जागा बदलल्या. अजय गोलात, रेमा मारणारा. अजय डावीकडे झेपावला, उजवीकडे झेपावला, गवतातून उठला, परत झेपावला. त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. मग त्याने रेमाचे खांदे चोळले, मोजे घट्ट बांधून दिले, कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघे हसले.

"हा तर राबतोय," जानीबाय म्हणाली. "हे रोज करतंय?"

"रोज करत असणार," मी म्हटलं. मला त्या क्षणी तिच्याइतकाच अभिमान वाटला, आणि बारक्याचा भयंकर राग आला.

पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे झालं म्याचच्या आधीचं. म्याच चालू झाल्यावर?" ही बाई ऐकणारी नव्हतीच.

मॅच सुरू झाली. अजय बंडी घालून कडेला बसला, मोजे घालून, पुढे वाकून. एक-एक अशी बरोबरी झाली. शेवटची काही मिनिटं राहिली असतील, समोरचा एक आडदांड गडी बॉल घेऊन एकटाच सुटला. रेमाने गोल सोडला. धावत, थेट त्याच्या पायांत, डोकं पुढे करून त्याने अंग झोकून दिलं. आमच्या पायाखालचं सिमेंट हादरलं असं वाटलं. बॉल रेमाच्या छातीखाली होता. रेमा हलत नव्हता. कडेला अजय बंडी काढून उभा. मी जानीबायचा हात धरला. रेमा उठला. स्टेडियम दणाणलं. अजयने बंडी घातली.

बरोबरी. टीम टिकली.

मॅच संपल्यावर अजय आम्हाला खाली घेऊन गेला. रेमा तिथे बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसला होता. जानीबायने त्याला आपल्या हिंदीत झापलं. "इतना लांब कायको उडी मारा रे? पाय मोडता तो? डोका फुटता तो?"

रेमा हसला. तुटक्या हिंदीत म्हणाला, "मौसी, पीछे अजय है ना. मेरा कुछ हो गया, तो वो है. वो बैठा है, तभी मैं कूदता हूँ. पीछे कोई नहीं होता, तो मैं डरके खेलता."

जानीबायने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि अजयच्याही. परतीच्या रस्त्यात कल्याण गेलं, मुरबाड आलं, तेव्हा तिने विचारलं. "अनिल शेट, मी किती वरसं बसते रे डोहावर?"

"लग्न झाल्यापासून ना?"

"हां," ती म्हणाली.

या वैशाखात मी मासेमारीला जरा लवकरच गेलो. क्लबने अजयला आणखी एका हंगामासाठी ठेवलं होतं आणि तो कुठेतरी लांब शिबिराला गेला होता, त्यामुळे तो नव्हता. बारक्याने पुढची टोपली लावली, जानीबायने मागची. डोह ढवळला. दुपारच्या सुमारास एक मोठा मरळ टोपलीवरून उडाला आणि बारक्या पासष्टीकडे झुकलेलं आपलं अंग विसरून त्याच्यावर झेपावला. मासा त्याच्या हाती लागला. जानीबायच्या टोपलीत नेहमीसारखा पालापाचोळा.

पानं मांडली गेली. "सोमा, काठी. बुधी, पाणी ढवळलं. जानी, मागची टोपली."

जानीबाय पान घ्यायला उठली नाही.

"घे ना गो," बारक्या म्हणाला.

"माझ्या टोपलीत काय आलं आज?"

"काय नाय."

"मागच्या साली?"

"तवा पण नाय. तुझ्या टोपलीत काय येतंय? मी सोडतोय का?"

"मंग मी बसूनच खाते. माझं पान काढ."

बारक्या हातातल्या पानाकडे बघत म्हणाला, "असं कसं काढू? तू मागं हायस म्हणून मी..." आणि तो तिथेच अडकला.

जानीबायला मदत करावी, रेमा काय म्हणाला ते सांगावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी दात दाबून धरले.

बारक्याने तिचं पान तिच्यापुढे नेऊन ठेवलं. मग तो पळसाच्या ढिगाकडे गेला, एक मोठं पान निवडून आणलं, ओल्या हाताने पुसलं आणि ओळीच्या शेवटी मांडलं. प्रत्येकाच्या पानावरून एकेक मासा उचलून त्याने त्यावर ठेवला. स्वतःच्या पानावरून त्याने मरळच उचलला.

आणि मग घसा खाकरून, नेहमीच्याच मोठ्या आवाजात, तो म्हणाला, "अजय. मागची टोपली."